धोंडाबाईंच्या डोळ्यांचा व्यायाम

पन्नाशीनंतर राजुरीच्या धोंडाबाईंना सुपातले तांदूळ धूसर दिसू लागले. त्यांनी चष्मा मागितला, तर स्वतः चष्मा लावून पेपर वाचणारे त्यांचे यजमान धर्माजी म्हणाले, "केबलवर सकाळी दावत्यात तसं डोळं गरागरा फिरव. चष्मा लागत न्हाई."

बाईंनी पावसाळाभर डोळे फिरवले. तरी एक दिवस जेवताना धर्माजींच्या दाताखाली खडा आलाच.

"व्यायाम मन लावून केला न्हाईस," ते गुरगुरले.

धोंडाबाईंचं टाळकं सटकलं. "लगीन झाल्यापासनं हे डोळं सुपातच फिरत्यात. फिरवून नजर सुधारत असती, तर मला इथनं शिवनेरीवरची मुंगी दिसली असती."

त्यांनी धर्माजींच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःला लावला आणि सूप पुढ्यात ओढलं.

"आता तुमी बसा डोळं फिरवत."