सासूच्या शेजारची चटई

दलंदा रात्री ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या बंदरावर कोळंबी निवडायची आणि दिवसा सासूच्या घरचं काम उपसायची. ही बाई झोपते कधी, असं कुणी विचारलं असेल तर शपथ! नवरा मुख्तार बोटीवर. घरी आला की तोच आधी घोरायला लागायचा. हिवाळ्यात तिची पाळी थांबली, तेव्हा ती दवाखान्यातल्या सुईणीकडे गेली. सुईण म्हणाली, "पोटात काही नाही, बये. तुझी झोप मोडली, तशी पाळीही बिघडली. सलग झोपत जा. पाळी आली की मुलाचंही बघता येईल." दलंदा नुसती हसली. झोप काय मासळीबाजारात मिळते?

पुढे रमजान आला. पाळीत बाईला रोजाही नाही नि नमाजही नाही, त्यामुळे घरातल्या बाईचं दुखणं घरातल्या बाईला न सांगता कळतं. सासू लल्ला झुबैदा रोज दुपारी आपल्या शेजारी सुनेची नमाजाची चटई अंथरायची. ईद आली, तरी सुनेचा ना एक रोजा चुकला, ना नमाज. लग्नानंतर एवढ्या वर्षांनी! म्हातारी हरखून गेली.

"दिवस गेलेत तुला. मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "बंदर बंद. जा, झोप."

नाही म्हणायला दलंदाने तोंड उघडलं होतं. पण सासूने स्वतः खिडकीचा पडदा ओढला, अंगावर पांघरूण घातलं. असं तर आईनंतर कुणी केलं नव्हतं. ती मूग गिळून गप्प बसली आणि झोपली. रोज झोपली. उठली की उशाशी खजूर नि दूध असायचं. एवढी माया खोट्यावर मिळतेय, हे तिला आतून खात होतं, पण सांगणार कुणाला?

आणि एका दुपारी, भरपूर झोपून उठताना, ओटीपोटात ओळखीची कळ आली.

बाहेर दोन्ही चटया अंथरलेल्या होत्या. "ये गं," सासूने हाक मारली. माणसांपुढे दलंदा गप्प राहिली होती. पण त्या चटईवर, अल्लापुढे, खोटं उभं राहणं तिला जमेना. ती दारातच थांबली.

"उम्मी, मला आज नमाज चालायची नाही."

म्हातारीचा चेहरा उतरला. "पडलं?"

"नव्हतंच काही."

"मग इतके दिवस झोपलीस कशाला?"

"झोपले म्हणून तर पाळी आली, उम्मी. सुईण म्हणालेली, आता मूल होऊ..."

लल्ला झुबैदाने दुसरी चटई गुंडाळून भिंतीला लावली आणि नमाजाला उभी राहिली. नमाजात माणूस उत्तर देत नाही. दलंदा वाट बघत उभी राहिली. नमाज संपली, तरी म्हातारीने तिच्याकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने दलंदा खोलीत गेली, तर सासूने पडदा उघडून टाकला होता. संध्याकाळी तिने रबरी बूट चढवले आणि बंदराची वाट धरली.