वाहता डोळा आणि लेकीचा चुडा

डॉक्टरांनी माझ्या डाव्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबला आणि कापसावर पिवळा पू आला. "ताई, हे रडणं नाही, ही तुंबलेली मोरी आहे," ते म्हणाले. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची एक बारीक वाट असते. माझी ती बंद पडली होती आणि साचलेल्या पाण्यानं अश्रूंची पिशवी सुजली होती. याला डॅक्रिओसिस्टायटिस म्हणतात. नाव घेताना जीभ वळत नाही, पण दुखणं लई वाईट.

तोवर मी काय कमी उपाय केले होते? गुलाबपाणी झालं, मेडिकलातले थेंब झाले, देवीचा अंगारा झाला. डोळा आपला वाहतोच आहे.

तुळजापुरात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. आम्ही कासार. लग्नघरी नवरीचा हिरवा चुडा भरायला मलाच बोलावणं यायचं. आमच्यात बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणतात, इतकं ते काम शुभ. आणि भरणारीच्याच डोळ्यातनं धार! तोंडावर कुणी बोललं नाही, बोलावणी तेवढी थांबली. एका बाईनं तर नवरीला माझ्यासमोरून उठवून नेलं. आग लागो या डोळ्याला, असं मी तेव्हा उठता-बसता म्हणायची.

सोलापुरात ऑपरेशन झालं. एंडोस्कोपिक डीसीआर त्याचं नाव. नाकातून दुर्बीण घालून थोडं हाड काढतात आणि पिशवीतून नाकात नवी वाट पाडतात. चेहऱ्यावर काप नाही, टाका नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या नव्या वाटेत स्टेंट घातला होता, म्हणजे सिलिकॉनची दोऱ्यासारखी मऊ नळी. मी विचारलं, मला का नाही?

"सगळ्यांना लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "पहिल्याच ऑपरेशनात नळी घातली काय, न घातली काय, बहुतेकांना सारखाच गुण येतो."

थोडे महिने डोळा कोरडा राहिला. मी पुन्हा काजळ घालायला लागले. मग एका सकाळी उठले तर पापण्या चिकटलेल्या, कोपरा दाबला तर पू. वाट परत बुजली होती. मी मोरीत बसून रडले, आणि रडताना नेमका तोच डोळा जास्त वाहत होता, त्याचाच राग आला.

त्याच सुमारास पल्लवीचं लग्न ठरलं. पल्लवी माझी एकुलती लेक, स्थळ येरमाळ्याचं. सगळं सुरळीत ठरलं आणि निघताना विहीणबाई हळूच म्हणाल्या, "चुड्याला दुसरी कासारीण बघा. वाहत्या डोळ्यानं नको, लोक नावं ठेवत्यात." गावातल्या निम्म्या लेकींचे चुडे मी भरले, आणि स्वतःच्या लेकीचा दुसरीनं भरायचा? त्या दिवशी घास उतरला नाही मला.

रागारागात सोलापूर गाठलं. डॉक्टरांना तोंडावर म्हणाले, "तुम्ही नळी घातली नाही म्हणून माझं वाटोळं झालं."

ते चिडले नाहीत. "असेलही. पण नळी असून वाट बुजलेले पेशंट मी पाहिलेत. कधी नळी घासूनच आत मांस वाढतं. आता तुमच्या आत वण धरलाय, म्हणून या वेळी घालू. पण खात्री मागू नका."

खात्री मागू नका! मग काय मागायचं माणसानं? तरी सही केली. दुसरा रस्ता नव्हता.

शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळा आणि डोळ्याच्या कोपऱ्यात नळीचा बारीक फास. पापणी हलली की टोचायचा. घरी सोडताना डॉक्टर बजावून म्हणाले, "नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंका, दाबू नका." मी मान डोलावली. त्यात काय अवघड?

अवघड काय ते चुड्याच्या दिवशी कळलं. डोळा कोरडा दिसत होता, म्हणून विहीणबाईंनी नाक मुरडत का होईना, होकार दिला होता. पाटावर पल्लवी, तिचा हात माझ्या हातात, भोवती दोन्हीकडच्या बाया. कुणीतरी चुड्यावर हळद उधळली आणि माझ्या नाकात हुळहुळलं.

आमच्या धंद्यात नवरीचा हात हातात असताना शिंकत नाहीत, मोठा अपशकुन. सासूबाईंनी मला दुकानात बसवलं तेव्हा आधी हेच शिकवलं होतं, नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि शिंक गिळून टाकायची. डॉक्टरांचं बोलणं आठवायच्या आत माझा हात नाकाला गेला. कोपऱ्यात चर्रकन दुखलं आणि काहीतरी गालावर लोंबलं.

"अगं बया! डोळ्यातनं दोरा निघाला की!" विहीणबाई ओरडल्या. "उठा तुम्ही. दुसरी कुणी बोलवा."

मी उठायला लागले. खरंच उठत होते, सगळं संपलं होतं. पल्लवीनं मनगट घट्ट धरलं. "आईच भरंल. न्हाय तर म्या हातच देत न्हाय कुणाला."

एक डोळा पदरानं झाकून मी राहिलेल्या बांगड्या भरल्या. एकही वाढली नाही. आईशप्पत, कशा भरल्या ते मला सांगता यायचं नाही.

फोनवर डॉक्टर म्हणाले, "कापू नका, ओढू नका. गालाला चिकटपट्टीनं चिकटवा आणि लवकर या." गालाला पट्टी लावून मी मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. फोटोत तशीच आहे.

लग्न उरकून आम्ही दोघं नवराबायको गेलो. नळी काही महिने ठेवायची असते, पण ती परत आत बसेना, मुदतीआधीच काढावी लागली. म्हणजे दुसरं ऑपरेशनही पाण्यात. परतीच्या एसटीत मी मालकांना म्हटलं, "आता पुरे. तिसऱ्यांदा मी टेबलावर झोपणार नाही." त्यांनी पुढच्या तपासणीची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

पुढच्या तपासणीला नुसतं जायचं म्हणून गेले. डॉक्टरांनी कोपऱ्यातून मिठाचं पाणी सोडलं, याला सिरिंजिंग म्हणतात. घसा खारट झाला, मला ठसका लागला. "वाट उघडी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे नळीनं काम केलं?"

"तुमच्या बाबतीत ते मला कधीच सांगता येणार नाही, ताई. नळीनं झालं असेल, नळीशिवायही झालं असतं. पुन्हा बुजणार नाही असंही मी म्हणणार नाही."

माझ्यासारखं ज्यांचं आहे त्यांना सांगते, नळी घालायची की नाही यावर डॉक्टरांशी भांडा, पण खात्रीसाठी भांडू नका, ती त्यांच्याकडंही नसते. मी अजून रोज सकाळी भीत भीत कोपरा दाबून बघते.

काल पल्लवीचा फोन आला. डोळा कसाय विचारलं, मी म्हटलं, कोरडा आहे. फोन ठेवला आणि तिच्या आठवणीनं रडू फुटलं. रडता रडता डावी नाकपुडी वाहायला लागली. दुखणं लागल्यापासून रडताना त्या बाजूचं नाक कधी वाहिलं नव्हतं. मी पदरानं नाक टिपलं, दुकानाचं शटर खाली ओढलं आणि मनसोक्त रडून घेतलं.