ताईजींचं मलम

निकाल पाहून मग प्रश्न ठरवणाऱ्यांवर ताईजींचा भारी राग. "लग्न लागल्यावर पत्रिका जुळवताय का?" असं त्या भर मीटिंगमध्ये विचारायच्या.

मूळच्या साताऱ्याच्या, पण दिल्लीतल्या आमच्या संशोधन संस्थेत त्यांना सगळे ताईजीच म्हणत. मी त्यांच्या हाताखाली आकडेमोड करायची. गुडघेदुखीवरचं एक नवं मलम त्यांच्या डोक्यातून निघालेलं. त्यासाठी त्या वर्षानुवर्षं झिजल्या होत्या.

चाचणीत चार गट होते: नवं मलम, दोन जुनी मलमं आणि औषध नसलेलं एक. सगळ्या रुग्णांचे, दुखणं किती कमी झालं त्यावरून, एकत्र क्रमांक लावले. पहिल्या कसोटीत गटांमध्ये फरक निघाला आणि ऑफिसात लगेच मिठाई आली. ताईजींनी तिला हात लावला नाही. "घरात भांडण आहे एवढंच कळलं. कुणाचं कुणाशी, ते कुठे कळलंय?"

आता जोड्या तपासायच्या होत्या. संस्थेचे प्रमुख, आमचे साहेब, म्हणाले, "नया और पुराना, बस यही एक जोड़ी दिखाओ. बाकी छोड़ो यार." दोन जुन्यांपैकी एकाशी ती जोडी एकटी तपासली तर नवं मलम जिंकत होतं.

ताईजी मला म्हणाल्या, "सहाही जोड्या बघायचं आपण आधीच ठरवलंय. सहा वेळा चिठ्ठी उचलली की एखादी नशिबानेही लागते. म्हणून प्रत्येक जोडीला कसोटी जास्त कडक लाव. आणि क्रमांक तेच, एकत्र लावलेले; जोडीपुरते नव्याने नाही."

मी तसंच केलं. नवं मलम बिनऔषधाच्या मलमापेक्षा चांगलं ठरलं, जुन्यांपेक्षा नाही. मी सगळं पुन्हा मोजलं, तेच आलं. ताईजींनी मात्र कागद वाचून फक्त चष्मा पुसला.

मोठ्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "मेरा मलम पुराने से बेहतर है, यह हम साबित नहीं कर पाए."

साहेबांचा चहा हातातच राहिला. स्वतःच्या आयुष्याचं काम असं एका वाक्यात कुणी मोडतं का? महिन्याभरात प्रकल्प बंद झाला, आणि ताईजींनी मुदतीआधीच निवृत्ती मागितली. तो दुसरा धक्का.

लेकीकडे पुण्याला निघाल्या, तेव्हा दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या त्यांच्या घरून मी त्यांना विमानतळावर सोडलं. मला राहवेना. "ताईजी, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. खूप रडले. घरी आमच्या यांनाही कळू दिलं नाही." त्यांनी बॅग माझ्या हातातून घेतली. "पण माझ्या रडण्याने कुणाचा गुडघा बरा होतो का गं?"

आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.