फळीचा दुसरा आवाज

घरात काही पडलं की माझा हात थांबतो. भांडं असो, पुस्तक असो, मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहत बसते. नवरा विचारतो, "काय ऐकून राह्यली?" काय सांगू त्याला, कप्पाळ!

आमच्या जळगाव जामोदात समुद्र नाही हे सांगायला भूगोलाचं पुस्तक लागत नाही. नळालाच पाणी येईल तेव्हा येतं, तिथं लाट कुठून येणार? तरी मी नववीत असताना कोकणातून आलेल्या खेळाच्या सरांनी पी.टी.च्या तासाला जाहीर केलं, "आपण सर्फिंग शिकू." अख्खा वर्ग खिदळला.

सरांनी मैदानात लाकडी फळ्या मांडल्या. पोटावर पालथं पडायचं, हातांनी पाणी मारल्यासारखं करायचं आणि शिट्टी वाजली की तळव्यांवर जोर देऊन झटक्यात फळीवर उभं राहायचं. शिट्टी म्हणजे लाट. मग मानेवर दोन बोटं ठेवून ठोके बघायचे. "पाणी आहे की नाही, हे हृदयाला कळत नाही," सर म्हणायचे. "त्याला मेहनत कळते." आम्ही त्यांची टिंगल केली, पण शाळेचा जिना चढताना मला लागणारी धाप त्या वर्षी गेली.

त्याच वर्षी बाबांना अटॅक आला. बसस्टँडजवळ आमचं किराणा दुकान. दिवसभर गादीवर बैठक. खामगावच्या डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला. आता आमच्या गावात बिनकामाचं चालून दाखवा! "कुठं चालले शेठ?" कुठं नाही म्हटलं की, "मंग काऊन चालून राह्यले? गाडी बिघडली काय?" बाबा रिकामी पिशवी घेऊन निघायला लागले, काम असल्यासारखे. मग तेही सुटलं. "मले नाही जमत हा तमाशा." असा संताप आला मला! लोकांच्या तोंडाला भिऊन मरायचं का माणसानं?

मी सरांकडे गेले, बाबांना फळी चालेल का विचारलं. ते म्हणाले, आधी डॉक्टरांना विचार, आणि करायचं ते हळूहळू. डॉक्टर हो म्हणाले. दुकानामागच्या गोदामात फळी टाकली आणि बाबा रोज सकाळी आतून कडी लावून लाटेवर चढू लागले. कडी कशाला? कोणी पाहू नये म्हणून.

भिंतीपलीकडे आमचं स्वयंपाकघर. आधी धप्प, बाबा पालथे पडल्याचा. जरा थांबून पुन्हा धप्प, उभे राहिल्याचा. आई चहा ठेवता ठेवता हसायची, "निंगाले तुहे बाबा समुद्रात." बाबा घामाघूम होऊन बाहेर यायचे आणि माझ्यापुढे मान करायचे. "पाह्य बरं, चालू आहे काय?" मी बोटं ठेवायची. "हाव बाबा, चालू आहे." फार आवडायचं मला ते.

त्या फळीनं आम्हाला बाबा बरीच वर्षं दिले, हे मी कोणालाही भांडून सांगेन. माझं कॉलेज झालं, बाहेरगावी नोकरी लागली, लग्न ठरलं. मी सुट्टीत घरी आले होते. सकाळी धप्प झालं. आई म्हणाली, "झालं सुरू तुह्या बाबाचं." मी चहा उकळला, गाळला, कपात ओतला. बाबांना आवडते म्हणून वर साय घातली.

साय घालतानाच हात थांबला. "आई, दुसरा आवाज आला का गं?"

आईनं पोळी तव्यावर तशीच सोडली, आम्ही धावलो. गोदामाला आतून कडी. आमच्या ओरडण्यानं बसस्टँडवरची तीच माणसं धावत आली, ज्यांच्यापासून बाबा लपत होते. त्यांनीच खांदे लावून दार पाडलं.

बाबा फळीवर पालथे होते, हात दोन्हीकडे पसरलेले. मी मानेवर बोटं ठेवली. सरकवली. पुन्हा ठेवली. ठोका लागेना. मान अजून गरम होती, घामेजलेली.

"चालू आहे काय?" मागून आईनं विचारलं.

"हाव," मी म्हणाले, आणि बोटं काढली नाहीत.