सही पाठवली आणि त्यानं ब्लॉक केलं

दोस्तहो, आज मोठा घोळ करून बसलो आहे.

बाबांनी तरुणपणी मैदानाबाहेर थांबून मिळवलेली एका हॉकीपटूची सही मी आज त्यांना न विचारता कुरिअरनं पाठवली. बदल्यात सह्या जमवणाऱ्यांच्या ग्रुपवरचा एकजण क्रिकेटपटूच्या दोन सह्या देणार होता.

घरी येऊन बहिणीला त्यानं पाठवलेले त्या सह्यांचे फोटो दाखवले. ती म्हणाली, "दादा, दोन्ही सह्या एकदम सेम हायेत. हातानं केल्या तर थोडा तरी फरक पडते ना?"

सह्या प्रत्यक्ष बघायला आधीच मागायला हवा होता तो व्हिडिओ कॉल आता मागितला. त्यानं ब्लॉकच केलं!

अड्याळच्या कुरिअरवाल्याकडं धावलो. "गाडी भंडाऱ्याले गेली, भाऊ. थांबा, फोन लावतो."

पार्सल तिथं सापडलं. उद्या परत येईल म्हणतात. पण बाबा आत्ताच म्हणाले, "ते सही दाखव बरं एकदा."

तुम्हीच सांगा, काय बोलू?