पंगतीत पारखलेला संघ

अख्ख्या जुन्नर तालुक्यात बास्केटबॉल एकाच माणसाला कळला, आणि तो म्हणजे माझा वारूळवाडीचा थोरला मामा. यावर कुणी वाद घालू नये. नव्वदच्या दशकात त्याने टोमॅटोच्या शेतीतून वेळ काढून गावातल्या पोरांचा संघ उभा केला. बाकीची गावं उंच पोरं शोधत. मामाला उंचीचं भारी वावडं. रिंगखालचा उंच गडी त्याच्या लेखी निव्वळ शोभेचा. सगळा जीव विंगवर, म्हणजे दोन्ही कडांनी पळून बॉल आणून देणाऱ्या आणि तितक्याच चपळाईने मागे येऊन अडवणाऱ्या पोरांवर. त्यांना तो 'बाजूवाले' म्हणे. "उंच माणूस नसला तरी भागतंय राव, बाजूवाले लई पायजेत," हे तो सोयरिकीच्या बैठकीतही ऐकवी. मुलगा काय करतो याआधी मुलगा पळतो कसा, हे विचारी! आणि हे बाजूवाले तो निवडायचा कुठे, तर लग्नाच्या पंगतीत. भाताची परात घेऊन पळताना कुणाचं पान रिकामं आहे हे ज्याला न सांगता दिसतं, तो संघात.

मी सहा फूट दोन इंच. संघात एकच जागा उरली होती आणि मला ती हवीच होती, म्हणून पिंपरी पेंढारच्या एका लग्नात मी बुंदीची बादली घेऊन जीव तोडून वाढत होतो. मामा हात धुऊन आला आणि म्हणाला, "माझ्या पानात चारदा बुंदी, आन् कडंची पंगत कोरडी. तुला न्हाई जमायचं, भाचेबुवा." खोटं काय बोलला? पण मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.

पुण्याच्या सामन्याला मात्र गेलो, प्रेक्षकांत बसलो. बाजूवाले काय पळाले, अहाहा! पण रिंगवर आपटून परत आलेला प्रत्येक बॉल समोरचा ताडमाड गडी अलगद उचलून नेई. तिथवर हात पोचणारं आमच्यात कुणी नव्हतंच. चार गुणांनी हरलो. मामा थेट माझ्याकडे आला, शेजारी बसला. "चुकलं माझं, गड्या. तुला घ्याया पायजे व्हतं."

महिनाभर मी याच वाक्याची वाट पाहत होतो. ते कानावर पडलं आणि मला अजिबात आवडलं नाही. मामाने आपला हेका सोडलेला मला बघवेना. "नाही मामा, बाजूवालेच बरोबर होते," मी म्हणालो. पुढच्या वर्षी त्याने पहिलं नाव माझं लिहिलं. मी खेळलोही बरा. पण त्यानंतर उंच पोरांवरून मामा कधी कुणाशी भांडला नाही. आणि खरं सांगतो, ते भांडण पुन्हा ऐकायला मिळणार असतं, तर ती जागा मी तेव्हाच सोडून दिली असती.