दोरीने फिरवलेली मोटार

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास आला की मला सेलूच्या आमच्या घराचं मागचं अंगण दिसतं.

बाबांनी अनेक वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काम करून एक जुनी लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, विकत घेतली होती. ती थ्री फेजवर चालायची आणि आमच्या घरात होती सिंगल फेज. लेथ फिरली नाही, तर सोमवारी त्यांना परत चाकरीला जावं लागणार होतं. मी घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली, इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाला. मी ऐटीत म्हणाले, "बाबा, सिंगल फेजवर लेथची ही मोटार सुरू होत नाही."

"सुरू होत नाई म्हन्ते, का चालत नाई म्हन्ते तुहं पुस्तक?"

मी पुस्तक उघडून पाहिलं; त्यात 'सुरू होत नाही' एवढंच लिहिलं होतं. बाबांनी भंगारातून आणलेल्या दुसऱ्या, मोठ्या मोटारीच्या तारा घरच्या विजेला आणि लेथला जोडल्या, त्या मोटारीच्या पुलीला दोरी गुंडाळली आणि आईला खटक्याजवळ उभं केलं.

"लग्नात हे काम सांगतलं नव्हतं," आई म्हणाली.

बाबांनी दोरी जोरात ओढली, आईने खटका दाबला आणि मोटार घुमतच राहिली. लेथला कमी पडणारी तिसरी फेज आता तीच तयार करत होती. मग लेथही फिरली, लोखंडाचा कीस निघू लागला.

सातवी शिकलेले बाबा म्हणाले, "काऊन चालते, ते मले नाई मालूम. तू शिकून सांगजो."

पुढच्या वर्षी मला कारण समजलं. ते ऐकायला बाबांनी चालू लेथ बंद केली, हात पुसले आणि माझ्यासमोर बसले.